नागपूरच्या उन्हाळ्यात ५-स्टार एसी खरंच परवडतो का? लेबलवरचे आकडे असे वाचा

जरीपटक्याच्या बाजारात एसी बघायला गेलात तर दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "थ्री स्टार दाखवू की फाईव्ह?" दोन्हींच्या किमतीत आठ-दहा हजारांचा फरक निघतो. मग घरात चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, फाईव्ह स्टार घ्या, बिल निम्मं येईल. कुणी म्हणतं, स्टार-बिर काही नसतं, सगळा कंपन्यांचा खेळ आहे.

खरं तर ही दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. स्टारला अर्थ आहे आणि त्यामागे सरकारी मोजमाप आहे. पण ते मोजमाप देशाच्या सरासरी हवामानावर बेतलेलं आहे, आणि नागपूरचा मे महिना त्या सरासरीत मावत नाही. त्यामुळे इथल्या ग्राहकाने लेबल थोडं वेगळ्या पद्धतीने वाचायला हवं. ते कसं, हे समजून घेऊ.

स्टार देतं कोण?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला. त्यानुसार मार्च २००२ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाखाली 'ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी' म्हणजेच बीईई ही संस्था स्थापन झाली. फ्रिज, ट्यूबलाईट, एसी अशा वस्तूंवर स्टार लेबल लावण्याचा कार्यक्रम २००६ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला एसीसाठी हे लेबल ऐच्छिक होतं, २०१० पासून ते सक्तीचं झालं.

सुरुवातीच्या काळात एसी एका ठरावीक तापमानाला पूर्ण ताकदीने चालवून तो किती वीज खातो, एवढंच पाहिलं जायचं. बाहेर ३५ अंश, आत २७ अंश, अशी ती चाचणी. पण इन्व्हर्टर एसी आले आणि ही पद्धत अपुरी पडू लागली. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग कमी-जास्त करतो. खोली गार झाली की तो बंद न होता हळू चालत राहतो आणि तेव्हा बरीच कमी वीज खातो. एका तापमानाच्या चाचणीत हा फायदा दिसतच नव्हता.

म्हणून आयएसईईआर हे नवं माप आलं. पूर्ण नाव 'इंडियन सीझनल एनर्जी एफिशियन्सी रेशो'. २०१८ पासून साधे आणि इन्व्हर्टर, दोन्ही प्रकारच्या एसींना याच मापावर स्टार मिळतात.

आयएसईईआर म्हणजे नेमकं काय?

अर्थ सोपा आहे. संपूर्ण हंगामात एसीने खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढली, तिला त्याने खाल्लेल्या विजेने भागायचं. उत्तर ५ आलं तर १ युनिट विजेत त्याने ५ युनिटएवढी उष्णता बाहेर फेकली. उत्तर ३.९ आलं तर ३.९ युनिटएवढी. आकडा जितका मोठा, तितका एसी काटकसरी.

यातला 'हंगाम' मात्र कागदावरचा आहे. देशातल्या ५४ शहरांच्या हवामानाच्या नोंदींवरून एक सरासरी हंगाम तयार केला गेला. तो १६०० तासांचा आहे आणि त्यातलं बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांपर्यंत धरलेलं आहे. त्यातही बहुतेक तास ३५ अंशांच्या खालचे आहेत. ४० अंशांच्या वरचे तास अगदी मोजके.

आता नागपूरकडे बघा. इथे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जाणं ही नवलाची गोष्ट नाही. मे २०१३ मध्ये तर ४७.९ अंशांची नोंद झाली होती. नवतपा सुरू झाला की दुपारी रस्ते ओस पडतात, काही चौकांतले सिग्नल दुपारपुरते बंद ठेवले जातात, वाहनचालकांसाठी हिरव्या नेट लावल्या जातात. आणि लेबलचं गणित ४३ वर थांबतं.

याचा अर्थ लेबल खोटं आहे का? नाही. दोन एसींची तुलना करायला ते उत्तम आहे. फक्त लेबलवर 'वर्षाला अमुक युनिट' असं लिहिलेलं असतं, तो तुमच्या बिलाचा अंदाज नाही. नागपूरच्या दुपारी तोच एसी तासाला लेबलच्या सरासरीपेक्षा बरीच जास्त वीज खाईल.

दुपारचा एसी वेगळा, रात्रीचा वेगळा

नागपूरच्या ग्राहकासाठी सगळ्यात कामाचा मुद्दा हा आहे.

तुम्ही एसी फक्त रात्री बेडरूममध्ये चालवणार असाल, तर बाहेरचं तापमान बहुतेक वेळ ३५ च्या खाली असतं. खोली एकदा गार झाली की इन्व्हर्टर एसी कमी वेगाने चालत राहतो. आयएसईईआर नेमकं हेच मोजतो. त्यामुळे रात्रीच्या वापरासाठी लेबलवरचा आयएसईईआर आकडा बऱ्यापैकी विश्वासाने वापरा.

एसी दुपारी चालणार असेल, तर गोष्ट बदलते. घरात आजी-आजोबा असतात, लहान मूल असतं, कुणी घरून काम करतं. बाहेर ४४-४५ अंश असताना इन्व्हर्टर एसीलाही वेग कमी करायची संधी फारशी मिळत नाही. तो जवळपास पूर्ण ताकदीने पळत राहतो. अशा वेळी 'कमी वेगात किती काटकसरी' यापेक्षा 'पूर्ण वेगात किती वीज खातो' हे महत्त्वाचं ठरतं.

हा आकडा कुठे सापडेल? एसीवर चिकटवलेल्या तांत्रिक पट्टीवर किंवा माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधा. एक, पूर्ण क्षमतेचं कूलिंग किती वॅट. दोन, त्यासाठी लागणारी वीज किती वॅट. पहिल्याला दुसऱ्याने भागा.

उदाहरण घेऊ. दोन्ही एसींचं कूलिंग ५००० वॅट आहे. पहिला पूर्ण ताकदीत १४५० वॅट घेतो, दुसरा १६५० वॅट. पहिल्याचं उत्तर ३.४५ येतं, दुसऱ्याचं ३.०३. दोघांचा आयएसईईआर अगदी सारखा असला तरी नागपूरच्या दुपारी पहिला एसी स्वस्तात चालेल. दुकानात हा भागाकार कुणी करून दाखवत नाही, पण मोबाईलवर तो दहा सेकंदांत होतो.

'दीड टन' सगळे सारखे नसतात

टन हा शब्द बर्फाच्या जमान्यातला आहे. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढं कूलिंग म्हणजे १ टन. आजच्या मापात सुमारे ३५०० वॅट. या हिशेबाने दीड टन म्हणजे सुमारे ५२७५ वॅट व्हायला हवेत. बाजारात मात्र 'दीड टन' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही एसींची क्षमता ४७००-४८०० वॅटच्या आसपास असते, काहींची ५००० च्या वर.

बीईईच्या लेबलवर कूलिंगची क्षमता वॅटमध्ये छापलेली असते. १०० टक्के क्षमता आणि ५० टक्के क्षमता असे दोन आकडे दिसतील. त्यातला १०० टक्क्यांचा आकडा वाचा.

नागपुरात हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण ही क्षमता ३५ अंशांना मोजलेली असते. बाहेरचं तापमान वाढलं की कुठल्याही एसीचं कूलिंग घटतं. म्हणजे खोलीला सगळ्यात जास्त गारव्याची गरज असते, तेव्हाच मशीनची ताकद कमी झालेली असते. वरच्या मजल्यावरची खोली असेल, स्लॅब थेट उन्हात तापत असेल किंवा भिंत पश्चिमेला असेल, तर मोजून-मापून लहान एसी घेऊ नका. लहान एसी दिवसभर धापा टाकत चालतो, खोलीही गार होत नाही आणि बिलही येतं. उलट छोट्या, सावलीतल्या खोलीला दोन टन लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

जाहिरातींमध्ये '५२ अंशांतही चालतो', '५५ अंशांतही कूलिंग' असे दावे दिसतात. त्यांचा अर्थ एवढाच की त्या तापमानात मशीन बंद पडणार नाही. त्या वेळी ते पूर्ण कूलिंग देईल असा अर्थ त्यातून निघत नाही. त्या तापमानाला किती वॅट कूलिंग मिळतं, हे दुकानदाराला विचारा आणि माहितीपत्रकात लिहिलेलं दाखवायला सांगा.

५६ अंशांचा व्हिडिओ आठवतोय?

मे २०२४ च्या अखेरीस नागपुरात ५६ अंश तापमान नोंदवल्याच्या पोस्ट जोरात फिरल्या होत्या. नंतर हवामान विभागाने स्पष्ट केलं की स्वयंचलित केंद्राच्या सेन्सरमध्ये बिघाड होता. म्हणजे नागपूरचं तापमान ५६ अंशांवर गेलं नव्हतं.

पण एसीच्या बाबतीत यातून एक कामाची गोष्ट समजते. हवामान विभाग तापमान सावलीत, मोकळ्या हवेत मोजतो. तुमचं आऊटडोअर युनिट मात्र तापलेल्या गच्चीवर, उन्हाच्या भिंतीला किंवा दोन घरांमधल्या अरुंद बोळात असतं. तिथे शेजारच्यांच्या दोन-तीन युनिटांची गरम हवाही येते. म्हणून बातमीत ४४ अंश असले, तरी तुमचं युनिट त्याहून गरम हवा ओढत असतं.

युनिट उत्तर किंवा पूर्व बाजूला लावता आलं तर उत्तम. गच्चीवरच लावायचं असेल तर वर सावली करा, पण चारी बाजूंनी नेट गुंडाळू नका. हवा खेळती राहिली पाहिजे. समोर भिंत किंवा दुसरं युनिट अगदी जवळ नको. यावर फारसा खर्च होत नाही, तरी आयएसईईआरच्या छोट्या-मोठ्या फरकापेक्षा याचा फायदा कधी कधी जास्त मिळतो.

कालचा फाईव्ह स्टार, आजचा फोर स्टार

स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. स्प्लिट एसीचं उदाहरण बघा.

- २०१८ पासून ४.५० किंवा जास्त आयएसईईआर असेल तर ५ स्टार मिळायचे.
- जुलै २०२२ पासून ५ स्टारसाठी किमान ५.०० लागू लागले. ४.५० वाला एसी ४ स्टारवर आला.
- १ जानेवारी २०२६ पासून निकष पुन्हा वर गेले.

मशीन तेच, स्टार कमी. म्हणून 'जुना स्टॉक आहे, फाईव्ह स्टार स्वस्तात देतो' असं कुणी म्हटलं तर लेबलवरचा कालावधी वाचा. लेबल कुठल्या मुदतीचं आहे, ते त्यावर छापलेलं असतं. किंमत खरंच चांगली असेल तर जुना स्टॉक घ्यायला हरकत नाही. फक्त पैसे आयएसईईआर आकड्याचे मोजा, स्टारच्या संख्येचे नको.

दुसरी गल्लत खिडकीच्या एसीची. विंडो आणि स्प्लिट यांचे तक्ते वेगळे असतात. जुलै २०२२ च्या तक्त्यात विंडो एसीला ३.५० वर ५ स्टार मिळत होते. त्याच आकड्यावर स्प्लिटला मिळत होते फक्त २. त्यामुळे 'फाईव्ह स्टार विंडो' आणि 'थ्री स्टार स्प्लिट' यांची तुलना स्टारवरून करूच नका. तिथे थ्री स्टार स्प्लिटच जास्त काटकसरी निघतो.

लेबल खरं आहे का, हे बीईईच्या 'बीईई स्टार लेबल' अॅपवर मॉडेल शोधून तपासता येतं.

आता पैशांचा हिशेब

दोन स्प्लिट एसी घ्या, दोन्ही ५००० वॅटचे. एकाचा आयएसईईआर ३.९, दुसऱ्याचा ५.१. लेबलवर १६०० तासांसाठी अनुक्रमे साधारण ९६० आणि ७३५ युनिट दिसतील. फरक २२५ युनिटचा. म्हणजे तासाला सुमारे ०.१४ युनिट.

एका युनिटचे किती रुपये धरायचे? इथे बरेच जण चुकतात. एकूण बिलाला एकूण युनिटने भागून सरासरी दर काढतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. फेब्रुवारीत १८० युनिट वापरणारं घर मे महिन्यात एसीमुळे तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात जातं. एसीचे युनिट हे वरचे युनिट असतात आणि ते वरच्या दरानेच लागतात. त्यामुळे मागच्या मे महिन्याचं बिल काढा, तुम्ही ज्या सर्वांत वरच्या टप्प्यात गेला होता त्याचा दर घ्या, त्यात वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवा.

हिशेबासाठी आपण युनिटला १४ रुपये धरू. मग दोन एसींमधला फरक तासाला जवळपास २ रुपये येतो. किमतीतला फरक १० हजार असेल, तर तो भरून निघायला ५००० तास लागतात.

- फक्त रात्री, ८ तास, वर्षात ९० दिवस: ७२० तास. पैसे वसूल व्हायला सुमारे ७ वर्षं.
- दिवस-रात्र मिळून १६ तास, १०० दिवस: १६०० तास. वसुली सुमारे ३ वर्षांत.
- पाहुणे आले की कधीतरी, वर्षात २०० तास: २५ वर्षं. तोवर एसीच टिकणार नाही.

दुपारच्या वापरात पूर्ण ताकदीचा फरक आणखी वाढू शकतो. आधीच्या उदाहरणात १४५० आणि १६५० वॅटमध्ये २०० वॅटचं अंतर होतं, म्हणजे तासाला ०.२ युनिट आणि २.८० रुपये. त्यामुळे दुपारी एसी चालणाऱ्या घरात चांगल्या मशीनचे पैसे लवकर वसूल होतात.

किमतीचा फरक, युनिटचा दर आणि तास हे तीन आकडे स्वतःचे टाका. 'फाईव्ह स्टार घ्यावा का' याचं उत्तर शेजाऱ्याच्या घरात वेगळं आणि तुमच्या घरात वेगळं असू शकतं.

आणि आपला कूलर?

नागपुरात एसीची तुलना कूलरशी झाल्याशिवाय निर्णय होत नाही, आणि ते योग्यच आहे. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी वेगाने उडतं आणि हवा गार होते. एप्रिल-मे मधली विदर्भाची कोरडी हवा त्यासाठी अगदी योग्य. घरगुती कूलर साधारण १५० ते २५० वॅटमध्ये चालतो, म्हणजे पूर्ण ताकदीतल्या दीड टन एसीच्या साधारण सहाव्या ते दहाव्या हिश्श्याएवढ्या विजेत. पण पाऊस जवळ आला, हवेत दमटपणा वाढला की तोच कूलर फक्त चिकचिक वाढवतो.

त्यामुळे अनेक घरांसाठी सगळ्यात स्वस्त मार्ग असा: कोरड्या दिवसांत हॉलला कूलर, रात्री बेडरूमला एसी, आणि जूनच्या दमट दिवसांत गरजेपुरता एसी. असं करणाऱ्या घराचे एसीचे तास कमी होतात. मग महागड्या फाईव्ह स्टारची गरजही कमी होते.

एकच चूक टाळा. कूलर आणि एसी एकाच खोलीत एकाच वेळी लावू नका. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद. शिवाय कूलरने हवेत टाकलेला ओलावा काढण्यात एसीची वीज जाते.

पैसे वाचवण्याच्या नादात एक गोष्ट विसरू नका. घरात वयस्कर माणसं, आजारी व्यक्ती किंवा तान्हं बाळ असेल, तर ४५ अंशांच्या दुपारी गारवा ही चैन नसते. अशा घरात 'बिल येईल' म्हणून एसी बंद ठेवावा लागू नये, यासाठीच चांगली कार्यक्षमता विकत घ्यायची असते.

विकत घेतल्यावर

जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसींमध्ये सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक आहे. बीईईच्या मते तापमान १ अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ पळतो. २६ अंश आणि सोबत हळू फिरणारा पंखा, एवढ्यात बहुतेकांना छान झोप लागते.

नागपूरच्या धुळीत फिल्टर दर दोन आठवड्यांनी धुवा. उन्हाळ्याआधी आऊटडोअर युनिटची जाळी साफ करून घ्या. गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग मारला तर स्लॅब कमी तापतो आणि एसीवरचा भार हलका होतो. घरात दोन-तीन एसी लावणार असाल, तर बिलावरचा मंजूर भार पाहा आणि गरज असेल तर वाढवून घ्या.

दुकानात जाताना हे मोबाईलमध्ये सेव्ह करा

१. लेबलचा कालावधी कुठला?
२. आयएसईईआर किती? स्टार नंतर.
३. १०० टक्के कूलिंग किती वॅट?
४. पूर्ण ताकदीत वीज किती वॅट? दोन्हींचा भागाकार किती?
५. ४५ अंशांच्या पुढे कूलिंग किती वॅट उरतं?
६. माझ्या घरात वर्षाला किती तास चालणार आणि त्यातले दुपारचे किती?

पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरं लेबलवर, माहितीपत्रकात किंवा दुकानात मिळतील. सहाव्याचं उत्तर मात्र घरूनच ठरवून निघा, कारण किती स्टार घ्यायचे ते त्यावरच ठरणार आहे.